चवळीखाऊ न्गोलोची खरखर

पश्चिम आफ्रिकेतल्या मालीमधल्या सेगू गावच्या बँडमध्ये न्गोलो कुलिबालीचं काम काय, असं कुणी विचारलं की तो छाती फुगवून सांगायचा, "बाकीचे चुकत नाहीत ना, हे बघणं!" खरं काम एवढंच, की दाते पाडलेला लांबट भोपळा पोटाशी धरायचा आणि त्यावर काडी घासायची. खर्र-चिक, खर्र-चिक. आठवडाभर मोपेडी दुरुस्त करायच्या, शनिवारी संध्याकाळी हातांचं ग्रीस घासून काढायचं, पांढरा कोट चढवायचा आणि नदीकाठच्या नाचघरात ऐटीत उभं राहायचं. चाली क्यूबाच्या, शब्द स्पॅनिश, अर्थ ना गाणाऱ्याला ठाऊक ना नाचणाऱ्याला. बायको न्येले म्हणायची, "माझ्यापेक्षा त्या भोपळ्यालाच जास्त जवळ घेतो मेला." खोटं नव्हतं ते.

मग बामाकोहून फामाकान केइता हा नवा बँडप्रमुख आला, आणि त्याच्याबरोबर आला इलेक्ट्रिक ऑर्गन. आता केइता आणि कुलिबाली म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचे थट्टेचे नातलग. भेटले की एकमेकांची टोपी उडवायचीच, आणि काही झालं तरी रागवायचं नाही. रागावला त्याने वाडवडिलांचं नाव घालवलं. कुलिबाली दिसला की त्याला 'चवळीखाऊ' म्हणायचं आणि केइता दिसला की 'घरगडी', हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक.

तालमीत फामाकानने सगळ्यांसमोर जाहीर केलं, "या पेटीचं हे बटण दाबलं की खरखर आपोआप येते. न्गोलो, तुझं काम संपलं. घरी जा आणि चवळी शिजव!"

झालं! फामाकानने चवळीचं नाव काढलं आणि स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला; चवळी आली की ती थट्टाच. सगळा बँड खो खो हसला. न्गोलोने मात्र हातातल्या भोपळ्याकडे पाहिलं. भोपळा गेला तर राहिलं काय, नुसते पाने आणि ग्रीस? पण गडी बिलंदर. सगळ्यांपेक्षा मोठ्याने तोच हसला.

शनिवारी स्वारी कोट घालून आपल्या जागेवर हजर.

"तुला काढलंय ना?" फामाकान दातओठ खात पुटपुटला.

"कुणी, तू? अरे, घरगड्याने कधी मालकाला काढलंय? तू थट्टा केलीस, मी हसलो, फिट्टंफाट झाली."

"थट्टा नव्हती ती!"

"मग चवळी कशाला मध्ये आणलीस? अहो, बघा हो मंडळी, केइता कुलिबालीवर रागावला!"

नाचघरात हशा पिकला. फामाकान बिचारा काय करणार? तोही कसनुसं हसला आणि बटण न दाबताच गाणं सुरू झालं.

पण तोही इरेला पेटला. सोमवारी भर दुपारी तो मोपेडींच्या टपरीवर आला. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "कुलिबालीसाहेब, आपल्याला कळवायचं होतं, की..."

न्गोलोच्या हातातला पाना खाली पडला. कुठल्याही केइताने त्याला जन्मात साहेब म्हटलं नव्हतं. म्हणजे हे खरंच होतं. "फामाकान," तो हळूच म्हणाला, "दुसरं काहीही माग रे. भोपळा नको."

तेवढ्यात न्येले जेवणाचा वाडगा घेऊन आली. तिने दोघांची तोंडं पाहिली आणि काय ते ओळखलं. "भाऊजी, उपाशीपोटी माणसाला काढू नये. आधी दोन घास घ्या."

झाकण उघडलं. आत चवळी!

फामाकानने ओठ घट्ट मिटले, टपरीच्या छपराकडे पाहिलं, खोकल्याचं सोंग आणलं. शेवटी फिस्सकन हसू फुटलंच. मांडी घालून बसला आणि निम्मा वाडगा फस्त केला.

"आता कुणाला काढणार?" न्गोलो म्हणाला. "तूही चवळीखाऊ झालास."

पुढे कित्येक वर्षं न्गोलो खरखर करत राहिला, आणि दर शनिवारी फामाकान त्याला चवळीवरून नवी शिवी हासडायचा.

न्गोलो गेला त्या सकाळी त्याला न्यायला माणसं जमली, तर दारात फामाकान आडवा पडलेला. अंगात न्गोलोचाच पांढरा कोट, बाह्या मनगटाच्या वर. पोटाशी भोपळा.

"कुठे निघालास रे?" तो ओरडला. "मी काढलं तेव्हा हलला नाहीस, आणि आज न विचारता चाललास? नाही सोडणार!" आणि लागला की काडी घासायला, मुद्दाम बेताल.

रडणारे लोक हसायला लागले. थट्टेच्या नातलगाने मयतीची वाट अडवायची आणि काही देऊन ती सोडवायची, ही रीतच. न्येलेने मानाच्या कोलाच्या बिया पुढे केल्या. त्याने मान हलवली. पुन्हा केल्या, पुन्हा नकार. मग ती डोळे पुसत आत गेली आणि वाडगा घेऊन आली.

फामाकान उठून बसला, चवळीचा एक घास त्याने कसाबसा गिळला, आणि मग दारातून बाजूला झाला.