केरबानं न फेकलेला थर

केरबाला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण औरंगाबादच्या एका कॉलेजातल्या रसायनाच्या प्रयोगशाळेत त्याच्याशिवाय कुणाचं पान हलत नसे. पोलीस ॲक्शननंतर दोनेक वर्षांनी कन्नड तालुक्यातल्या गावची मेंढरं भावाच्या हवाली करून तो इथं शिपाई म्हणून चिकटला आणि वीस वर्षं चिकटूनच राहिला. खोड एकच. कुणी ‘हे ओतून टाक’ म्हटलं की हा आधी त्यात पाण्याचा थेंब सोडून बघणार. मिसळला तर ते पाणी, वेगळा राहिला तर तेल. पोरं हसायची. हसोत बापडी.

त्या विसाव्या वर्षी वच्छलाबाई नव्यानं शिकवायला आल्या. हुशार बाई, पण राग नाकावर. तीन आठवडे खपून त्यांनी संशोधनासाठी एक तेलकट द्रव्य बनवलं होतं, पाण्यापेक्षा किंचित जड. पाण्यात विरघळून राहिलेलं तेल सुटावं म्हणून त्यांनी मीठ घातलं, तेही सढळ हातानं. मग वर्गासमोर तोटीचं काचेचं नरसाळं हलवून ठेवलं. दोन थर झाले, दोन्ही सारखेच नितळ. “तेल जड, म्हणून खाली,” असं सांगत बाईंनी तोटी उघडून खालचा थर जपून घेतला आणि वरचा एका चंबूत ओतून केरबाकडे दिला.

“ओतून टाका.”

केरबानं थेंब सोडला. तो मण्यासारखा वेगळाच राहिला.

“बाई, हे नाय फेकायचं. तेल यातच हाय.”

“केरबा, मला शिकवू नका!”

वर्ग खिदळला. बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं. पण नोकरीत पहिल्यांदाच त्यानं हुकूम मोडला आणि चंबूला बूच लावून तो कपाटात ठेवला.

दुपारी बाईंनी आपला थर आटवला. तळाशी नुसतं मीठ उरलं. बाई मोरीशी जाऊन उभ्या राहिल्या आणि चक्क रडू लागल्या. केरबानं कपाटातला चंबू काढून त्यांच्यापुढे ठेवला. बाईंनी स्वतः थेंब टाकून पाहिला, डोळे पुसले आणि पोरांना परत बोलावलं.

“सकाळी मी चुकले. का, ते केरबामामा सांगतील.”

मामांना घाम फुटला. “आमच्याकडं बाजरीचं बी पेरायच्या आधी मिठाच्या पाण्यात टाकतेत,” ते कसेबसे म्हणाले. “साध्या पाण्यात तळाला गेलेले हलके दाणे तिथं वर येतेत. दाणा त्योच, पाणी जड झालं. बाईंनी मीठ लई घातलं, पाणी तेलापरीस जड झालं. मग तेल वर येणारच की.”

कुणी हसलं नाही. बाई वहीत लिहून घेत होत्या.

संध्याकाळी गारखेड्याच्या घरी त्यानं बायकोला सांगितलं, “बानाबाई, आज म्या कॉलेजात तास घेतला.”

“कशाचा?”

“बाजरीचा.”

बानाबाई पोट धरून हसली. मग तिला नवऱ्याचे भरलेले डोळे दिसले. भाकरी तव्यावरून उतरवून ती त्याच्यासमोर येऊन बसली.

“मला बी शिकवा,” ती म्हणाली.