पोरीच्या वाट्याची शतावरी

माझ्या सासरी बाळंतिणीला शतावरी मिळायची, पण मुलगा झाला तरच. मोठ्या जावेला मुलगा झाला तेव्हा सासूबाईंनी स्वतः दुधात शतावरी उकळून तिला सकाळ-संध्याकाळ पाजली होती. सत्तरच्या दशकात मला मुलगी झाली. अंगावरचं दूध पुरेना. पोर रडून रडून थकून झोपायची. मी शतावरी मागितली.

"पोरगी तं आहे. तिले कायले पायजे?" सासूबाई म्हणाल्या. "वरचं दूध पाज."

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं चप्पल घातली आणि सीताबर्डीच्या बाजारात निघून गेला.

शतावरीची वेल आमच्याच मागच्या कुंपणावर चढलेली होती. मी पोरीला जावेच्या मांडीवर दिलं, कानाला फडकं बांधलं आणि मुळ्या खणायला सब्बल, म्हणजे पहार, घेऊन बाहेर पडले. बाळंतिणीनं उंबरठा ओलांडू नये, हे मलाही ठाऊक होतं.

सासूबाई मागोमाग आल्या. "काहून वं, ओली बाळंतीण खड्डा खोदून राहिली! लोक काय म्हणतीन?"

"म्हणू द्या, आत्याबाई. लोकायच्या अंगावर नाही पीत माही पोरगी."

काट्यांनी दोन्ही हात ओरबाडले. कंबर मोडून आली. पण बोटांएवढ्या पांढऱ्या मुळ्यांचा घोसच्या घोस हाती लागला. वेल मरू नये म्हणून थोड्या मुळ्या मातीत राहू दिल्या. बाकीच्या धुऊन अंगणातच सोलायला बसले. तेवढ्यात जाऊ पोरीला खांद्यावर टाकून आली, माझ्याजवळ टेकली आणि एका हातानं सोललेल्या मुळ्यांच्या मधली चिवट शीर ओढून काढू लागली. सासूबाईंसमोर ती कधी वर मान करत नसे.

वाळवायला सवड नव्हती. ओल्याच मुळ्या पाट्यावर वाटल्या, गाळल्या, दुधात उकळल्या आणि चुलीपुढे उभी राहून, सगळ्यांदेखत प्याले. रोज प्याले. हळूहळू दूध उतरलं, पोर पोटभर पिऊन झोपू लागली. उरलेल्या मुळ्या वाळवून, कुटून, कपड्यानं चाळून बरणीत भरल्या.

पुढच्या उन्हाळ्यात सासूबाईंना पित्तानं जळजळ होऊ लागली. वैद्यानं शतावरीच सांगितली. त्यांनी जावेकडून निरोप धाडला.

मी म्हटलं, "त्याईले म्हणा, स्वतः मागा."

दोन दिवस त्या घुश्शात राहिल्या. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाल्या, "दे वं थोडी."

मी दिली. मागायला लावलं, याचं मला आजही वाईट वाटत नाही. त्यानंतर जावेलाही मुलगी झाली आणि सासूबाईंनी स्वतःच चुलीवर शतावरीचं दूध चढवलं.