रेझिनचं कॉकपिट आणि दादाचा डोळा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. माझ्या थोरल्या भावाचा डावा डोळा ब्लेड तुटून उडाल्याने गेला असं घरात, गावात आणि मांडव्याच्या जेट्टीवर सगळे धरून चालतात. ब्लेड तुटलंच नव्हतं. तो डोळा मी फोडला.

दादा मांडव्याहून गेटवेला जाणाऱ्या कॅटामरान बोटीवर सुकाणूला होता. पावसाळ्यात त्या बोटी बंद, म्हणजे दादा घरी. मी अलिबागेत कारकून. रविवार आला की माझ्या पडवीत आम्ही प्लास्टिकची विमानं जोडायला बसायचो. लहानपणचं वेड, सुटलं नाही. सुट्या भागांच्या किटमधलं कॉकपिट, म्हणजे वैमानिकाची जागा, नुसता पाट आणि त्यावर खुर्ची. ते टाकून द्यायचं आणि परदेशातून मागवलेलं, साच्यात ओतून घडवलेलं रेझिनचं बसवायचं. त्यात खुर्चीच्या पट्ट्यांच्या चुण्यासुद्धा दिसतात, बटणं मोहरीहून बारीक. पण ते किटच्या मापाला कधी सरळ बसत नाही. मग विमानाच्या धडाच्या भिंती आतून खरवडायच्या, इतक्या की बल्बसमोर धरल्यावर पलीकडचा उजेड दिसावा. प्लास्टिक हवं तेवढं घासा, रेझिनला पॉलिश पेपर लावायचा नाही, हा आमच्यातला कायदा. कापाकापी माझी, रंग दादाचा. त्याचा हात हलायचा नाही.

माझा हात मात्र लवकर उठतो. शाळेत एकाचा दात पाडला होता. लग्नानंतर एकदा भरलं ताट भिंतीवर मारलं होतं. दादावर कधी उठला नव्हता. बाप गेल्यावर त्याच्याच जागी होता तो.

त्या रविवारी बायको माहेरी होती, दुपारी मी कोळंबी आणायला गेलो होतो. परत आलो तर दादाचे हात रेझिनच्या भुकटीने कोपरापर्यंत पांढरे. ज्या कॉकपिटसाठी मी दोन पावसाळे थांबलो होतो, जे आता कुणी बनवतही नाही, त्याच्या दोन्ही बाजू त्याने घासून टाकल्या होत्या. बटणांच्या जागी साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत.

"बसत नव्हतं रे," तो म्हणाला. "आता बघ, खटकन बसलं."

"रेझिन घासलंस?"

"मग काय दिवाळीपर्यंत भिंती खरवडत बसू? वरची काच लागली की आत कोण डोकावतंय? तुझी बायको तरी बघते का?"

आणि हसला. बोटीवरचं त्याचं हसणं, इंजिनाच्या वर ऐकू जाईल असं.

मी मागून त्याचे केस धरले आणि तोंड टेबलावर आपटलं. कपाळ लागलं. खालचं कॉकपिट फुटल्याचा बारीक आवाज आला. तिथे थांबता आलं असतं. दादा उलटून मारायला उठलाही नाही. "अरे, अरे," एवढंच म्हणाला, लहान पोराला आवरावं तसं. त्या आवाजाने माझं डोकं जास्तच फिरलं. मी पुन्हा आपटलं, अंगातला सगळा जोर लावून आणि थोडं डावीकडे. डावीकडे ठोकळ्यात बारीक भोकं पाडायचं ड्रिल टोक वर करून उभं होतं. ते तिथे आहे हे मला माहीत होतं. ठोकळा मीच केला होता. त्या क्षणी ते मला दिसलं होतं की नाही, हे मी इतकी वर्षं स्वतःला विचारतो आणि उत्तर आलं की विषय बदलतो. आज बदलत नाही. दिसलं होतं.

टेबलावरच्या पांढऱ्या भुकटीत रक्त मिसळून गुलाबी चिखल झाला.

रिक्षात मी टॉवेल दाबून धरला होता. अलिबागच्या डॉक्टरांनी विचारलं, काय झालं? दादाने तोंड उघडायच्या आत मी बोललो, "ब्लेड तुटून उडालं. गॉगल घातला नव्हता ह्याने." दादाने उरलेल्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हो. तसंच झालं."

एका डोळ्याला अंतर कळत नाही. जेट्टीला बोट लावताना हातभर पाणी आहे की चार हात, ते कळायला दोन डोळे लागतात. दादाचं सुकाणू गेलं. आता तो तिकिटाच्या खिडकीत बसतो, समोरून त्याचीच बोट सुटते. आणि मी काय केलं? आमचा विमानवाल्यांचा फोनवर ग्रुप आहे. नवीन कुणी आला की त्याला मी सांगतो, रेझिन कापताना गॉगल घाला, माझ्या सख्ख्या भावाचा डोळा गेलाय. लोक हात जोडल्याचं चित्र टाकतात.

यंदा गणपतीत मी त्याच्याकडे गेलो, तर तो ओटीवर नवं किट उघडून बसलेला. पंखाचा तुकडा चिमटीत धरून खाचेत घालू बघत होता आणि प्रत्येक वेळी खाचेच्या अलीकडेच हवेत टेकवत होता. वहिनी स्वयंपाकघरातून आली ती वरवंटा घेऊनच.

"भाऊजी, बघा ह्यांचे धंदे. एक डोळा आपल्या हातानं घालवला, आता दुसरा ऱ्हायलाय तो पन घालवायचा हाय."

"अगं, नुसतं जोडतोय. ब्लेड नाही माझ्याकडे," दादा म्हणाला.

"तवा पन असंच म्हनला असाल. पोरांच्या तोंडचा घास घालवला तुमच्या ह्या खेळन्यानं."

तिने किट ओढून जमिनीवर टाकलं आणि वरवंटा घातला. पंख, शेपूट, खुर्चीतला पायलट. तुकडे देवाच्या मखरापर्यंत उडाले. ती रडत रडत घाव घालत होती, वरवंटा थांबत नव्हता. दादा आवरायला उठला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "वहिनी बरोबर बोलतायत, दादा. तेव्हा गॉगल घालायला हवा होतास."

पहिला घाव रागात घातला होता. हा शांत डोक्याने घातला.

दादा खाली बसून तुकडे गोळा करायला लागला. काही त्याच्या हाताशी असूनही सापडत नव्हते. मी मदतीला वाकलो, तसा तो हळूच म्हणाला, "तू जा आता घरी." तेव्हापासून त्याने मला बोलावलेलं नाही आणि मीही गेलो नाही.

दादाच्या समोर वहिनीला आणि पोरांना खरं सांगणं माझ्याकडून बाकी आहे: त्याची काही चूक नव्हती, त्याचा डोळा मी फोडला.