जोडसर आणि दोन ‘कल’

आमच्या गोंदियाच्या कॉलेजात सॉफ्टवेअर शिकवणारे जोडसर कुणाचीही गोष्ट पुरती ऐकून घेत नसत. “आत काय होऊन राहिलं ते नोको सांगू. घेते काय अन् देते काय, तेवढं बोल.” एकदा मी त्यांना वांग्याच्या भाजीची कृती सांगायला गेले, तर तिथेही हेच! मोठी व्यवस्था सुट्या घटकांतून रचायची, एकेक घटक गणिताने बरोबर सिद्ध करायचा आणि मग जोडायचा, हा त्यांचा विषय. “घटक नाही बिघडत बाई, जोड बिघडते,” हे दिवसातून चारदा. म्हणून जोडसर.

सरांच्या भाचीच्या सोयरिकीत मुलाकडचे त्याचा स्वभाव वर्णू लागले. सर म्हणाले, “ते राहू द्या. घरी पाणी भरते का?” सोयरिक मोडली. भाची अजून त्यांचे उपकार मानते.

शेवटच्या वर्षी पूजा आणि मी उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाच्या मिलचा संगणकावर नमुना केला. धान आधी भिजवायचं, मग उकडायचं. टाकी तिची, बॉयलर माझा. मला नोकरी लागली होती, पण पास झाले तरच. दोघींचे घटक चोख सिद्ध झाले. टाकीतून बॉयलरकडे जाणाऱ्या धानाला पूजाने नाव दिलं होतं ‘कल’. ती शहरातली, घरी हिंदी. मी नवेगाव बांधची. जोड तपासा म्हणून सरांनी तीनदा बजावलं, आम्ही तीनदा मान डोलावली.

तोंडी परीक्षेत दोन्ही घटक जोडून चालवले. बॉयलर ढिम्म. पूजाचा ‘कल’ म्हणजे काल भिजवलेलं धान, मी समजले उद्याचं! बॉयलर उद्याची वाट बघत बसला आणि उद्या काही उजाडेना. पुण्याच्या परीक्षकांनी चष्मा सारखा केला. “कल? कोणत्या बाजूला?”

नोकरी गेलीच, असं धरून मी रडू लागले. सर उठले. “पोरींचे घटक बरोबर आहेत, तपासा. जोड पाहणं माझं काम होतं, मी पाहिली नाही. तसं लिहून देतो.” आणि दिलं. आम्ही पास झालो.

पहिल्या सुट्टीत पेढे घेऊन गेले तेव्हा कळलं, त्या कागदापायी सरांकडचे शेवटच्या वर्षाचे प्रकल्प काढून घेतले होते. ते पहिल्या वर्षाच्या मुलांना माऊस कसा धरायचा ते शिकवत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“सर, काऊन लिहून दिलं जी तुमी?”

“तुले नोकरीवर जायचं होतं ना?”

“हो जी.”

“मंग तू गेली ना?”

“हो जी.”

“मंग रडून कायले राहिली? आन तो पेढा.”