बारा वाजताची टोपली

पालेर्मोतल्या बाल्लारोच्या बाजारात रोझोलीनाबाईकडे कच्चा बटाटा मागणारा माणूस एकतर परगावचा असतो, नाहीतर नुकतं लग्न झालेला. ती कच्चं काहीच विकत नाही. पहाटे पाचला तिची दोन मोठी पातेली चढतात. एकात बटाटे, दुसऱ्यात हंगामाप्रमाणे फरसबी, हिरवा फ्लॉवर नाहीतर आर्टिचोक. कांदे मात्र ती समोरच्या निन्फाच्या बेकरीत देते. पाव निघाले की त्या तापल्या भट्टीत परातीत अख्खे कांदे सरकवायचे, सालं काळी पडून आत लोणी होईपर्यंत. नऊ वाजेस्तोवर सगळं मांडून तयार. इथल्या बायका घरी नेऊन वर तेल-व्हिनेगर घालतात आणि नवऱ्याला सांगतात, सकाळपासून राबतेय.

एक्केचाळीस वर्षं तिची हातगाडी त्याच कोपऱ्यावर आहे. नवरा गास्पारे गेला तेव्हा तेरा दिवस बंद होती, आणि तीन बाळंतपणांत मिळून बावीस दिवस. हा हिशेब तीच सांगते, न विचारता. अंगाने भरलेली, आवाजाने त्याहून भरलेली. तिच्याकडून काय घ्यायचं हे गिऱ्हाइकाने ठरवायचं नसतं, ते ती ठरवते.

"आर्टिचोक कशाला? तुझी सासू आलीय ना? फरसबी ने. आर्टिचोक शनिवारी, ती गेल्यावर."

आणि सासू खरंच शनिवारी जाणार असते. बाईला कसं कळतं हे विचारण्यात अर्थ नाही.

तिच्यात एकच खोट होती, पण ती चांगली दणदणीत होती. आपली चूक तिने जन्मात कबूल केली नव्हती. मीठ कमी पडलं तर गिऱ्हाइकाची जीभ बिघडलेली असायची. बटाटा कच्चा लागला तर दात म्हातारे झालेले असायचे. आम्ही सगळे हे सोडून देत होतो. सोडत नव्हते ते एकटे तांतिल्लो मास्तर.

मास्तर तिच्या गाडीच्या बरोब्बर वर, तिसऱ्या मजल्यावर राहतात. छत्तीस वर्षं त्यांनी गणित शिकवलं. निम्मा बाजार त्यांच्या हाताखालून गेलाय. मासळीवाला सावेरिओ त्यांच्याकडे दोनदा नापास झाला, आणि आज पन्नाशी उलटली तरी वरची गॅलरी उघडली की हातातली सिगारेट पाठीमागे लपवतो. मास्तरांची बायको वारल्याला एकोणीस वर्षं झाली. चार वर्षांपूर्वी गुडघ्यांनी राजीनामा दिला, तेव्हापासून मास्तर खाली उतरलेले नाहीत. पण रोज बाराच्या ठोक्याला त्यांच्या गॅलरीतून दोरीला बांधलेली टोपली खाली येते. आत रिकामा डबा, मोजून पैसे आणि एक चिठ्ठी. मास्तर ओरडत नाहीत. वर्गात कधी आवाज चढवला नाही, तो आता बाजारात कशाला चढवतील?

चिठ्ठी लिहिलेली असायची सुवाच्य अक्षरात. 'कालचे बटाटे मधोमध कच्चे होते. आज लक्ष द्यावे.' त्याचं उत्तर मात्र रोझोलीना तोंडी द्यायची, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.

"मास्तर, बटाट्याचा मधोमध तुम्हाला सापडला कसा? चष्मा तर परवा हरवला होता तुमचा."

वर मास्तर मान हलवायचे, टोपली ओढून घ्यायचे. दोघांच्याही दिवसाला त्याशिवाय चव नव्हती. बाईला तर नव्हतीच. पावणेबाराला ती केस नीट करायची आणि निन्फाने पाहिलं तर सांगायची की वाफेने विस्कटतात.

मार्चमध्ये एकदा चिठ्ठी आली, 'आर्टिचोकमध्ये वाळू होती.' त्या दिवशी गर्दी होती आणि बाईला चेव चढला.

"वाळू? अहो, चार वर्षांत समुद्र पाहिला नाहीत तुम्ही. म्हटलं, आपणच थोडा किनारा वर पाठवावा, तर त्याचीही तक्रार."

अख्खी गल्ली खोखो हसली. सावेरिओने तर हातातला मासा खाली टाकला. मास्तरांनी गॅलरीचं दार हळूच लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी टोपली आलीच नाही. बाईने दहा वेळा वर पाहिलं असेल. साडेबाराला तिने निकाल दिला, "रुसलेत. रुसू देत. तीन पोरं वाढवलीयत मी, रुसवा कसा जातो मला माहीत आहे. पोट रिकामं झालं की जातो."

तिसऱ्या दिवशी बाराला टोपली हजर. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'काल खंड पडला, क्षमस्व. फरसबी द्यावी.' बाईने ती चिठ्ठी निन्फाला दाखवली, सावेरिओला दाखवली, आणि आठवडाभर जिंकल्याच्या तोऱ्यात फिरली.

नोव्हेंबरात एका बुधवारी पुन्हा टोपली आली नाही.

बारा वाजले, बारा दहा झाले. वर पाहावं तर गॅलरीच्या दाराच्या लाकडी फळ्या गच्च लावलेल्या. दिवसाढवळ्या अशा फळ्या आमच्याकडे एकाच कारणासाठी लावतात. निन्फा हात पुसत बाहेर आली.

"काल रात्री टॅक्सी आली होती. त्यांची मुलगी एर्सिलिया उतरली, तुरीनहून. आठवड्याच्या मधेच कोणी सहज येतं का एवढ्या लांबून?"

"सकाळी मी पाहिली ना तिला," सावेरिओ म्हणाला. "औषधांच्या दुकानातून येत होती. डोक्यापासून पायापर्यंत काळे कपडे, सुतकात घालतात तसे. मी हात केला, तर नुसती मान हलवली."

यापुढे कोणी काही विचारलं नाही. रोझोलीना बटाट्यांच्या खोक्यावर बसली ती बसलीच. झारा हातात तसाच. मग तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि ते वाफेमुळे आहे असं तिने कोणाला सांगितलं नाही. मास्तरांची बायको गेल्यापासूनच्या एकोणीस वर्षांत त्या माणसाशी ती एक गोड शब्द बोलली नव्हती, आणि आता बोलायचं म्हटलं तरी वर ऐकायला कोणी नव्हतं.

पाच मिनिटांनी ती उठली. मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजाऱ्यांनी तीन दिवस जेवण पोचवायचं, ही आमची रीत. घरातल्याने उपाशी रडायचं नसतं. बाईने गाडीवरची भाजी बाजूला सारली आणि पातेल्यात कोंबडी टाकली.

"निन्फा, पाव मऊ दे, रडलेल्या घशाखाली कडक पाव उतरत नाही. सावेरिओ, मासा मोठा घे आणि काटे काढ. कंजूषपणा केलास तर मास्तर तुला तिसऱ्यांदा नापास करतील."

सावेरिओने मान खाली घालून काटे काढले.

अडीच-पावणेतीनला सगळे जिन्यावर. पुढे रोझोलीना, हातात रश्श्याचं झाकलेलं पातेलं. मागे गळ्यात टाय बांधलेला सावेरिओ, हातात भाजलेल्या माशाचं ताट. त्याच्या मागे पावाची टोपली घेऊन निन्फा आणि तिच्या मागे तळमजल्यापर्यंत बाकीची गल्ली, प्रत्येकाच्या हातात काही ना काही. सगळे कुजबुजत होते. प्रत्येक मजल्यावर बाई थांबून दम खात होती. एवढ्या वर्षांत हा जिना ती पहिल्यांदाच चढत होती.

तिने कोपराने दार ठोठावलं. दार मास्तरांनी उघडलं. पायात सपाता, अंगात लोकरी बंडी. त्यांनी रोझोलीनाकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं, टायकडे पाहिलं आणि चेहरा गंभीर केला.

"अरेरे. कोण गेलं?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी सावेरिओ म्हणाला, "तुम्ही, मास्तर."

मास्तरांनी थोडा विचार केला. "मला कळवलं नाही कोणी," ते म्हणाले.

तेवढ्यात आतून एर्सिलिया आली. काळा स्वेटर, काळी पँट. तुरीनच्या बँकेत सगळ्या बायका असेच कपडे घालतात म्हणे. कपाळाला बाम चोळलेला होता. गल्लीच्या कलकलाटाने डोकं चढलं म्हणून फळ्या तिनेच लावल्या होत्या. जिन्यावरची पातेली पाहून तिच्या सगळं ध्यानात आलं आणि तिला हसू फुटलं. तिच्यामागोमाग तळमजल्यापर्यंत सगळे हसले. रोझोलीनाच्या हातातलं पातेलं इतकं हलत होतं की मास्तरांनी पुढे होऊन ते धरलं.

"बरं झालं सगळे आलात," एर्सिलिया डोळे पुसत म्हणाली. "निरोप तरी होईल. रविवारी मी बाबांना घेऊन जातेय तुरीनला. कायमचं."

मास्तरांनी पातेलं तिपाईवर ठेवलं.

"मी जाणार नाही, हे मी सकाळपासून सांगतोय," मास्तर म्हणाले.

"बाबा, इथं तुम्हाला बघणारं कोणी नाही."

"कोणी नाही? जिन्यावर मोज."

"मोजते ना. मार्चमध्ये कुठं होते हे सगळे?" एर्सिलियाचा आवाज चढला. "मावशी, तुम्हाला माहीत तरी आहे? मार्चच्या चौदा तारखेला बाबा न्हाणीघरात पडले. पाच तास फरशीवर पडून होते. शेवटी सरपटत खुर्चीपर्यंत गेले आणि तिला धरून उठले. आणि मला हे सांगितलं कधी, तर गेल्या आठवड्यात, चुकून बोलून गेले म्हणून. खाली एवढा बाजार भरलेला, आणि एका माणसाला पत्ता नाही."

तेरा मार्चला रोझोलीनाने किनाऱ्याचा विनोद केला होता. गल्लीत सगळ्यांनाच तो आठवत होता, पण आता कोणी तिच्याकडे बघेना. गप्प राहिली असती तर निभावलं असतं.

"मला पत्ता होता," ती म्हणाली.

"काय?"

"टोपली आली नाही ते मी पाहिलं होतं. दहादा पाहिलं. मला वाटलं रुसलेत, मी आदल्या दिवशी चारचौघांत त्यांची टर उडवली म्हणून. वर चढून विचारायचं तर मला कमीपणा वाटला. चूक माझी आहे, पोरी. बाजाराची नाही, माझी."

एक्केचाळीस वर्षांत हा शब्द तिच्या तोंडून कोणी ऐकला नव्हता. निन्फाने तर कपाळाला, छातीला हात लावून देवाचं नाव घेतलं.

"मी रुसलो नव्हतो," मास्तर हळूच म्हणाले. "विनोद चांगला होता. मी आत जाऊन हसलो."

एर्सिलिया मात्र बँकेत काम करणारी, आणि गणिताच्या मास्तरांची मुलगी. तिने घड्याळ पाहिलं.

"मावशी, आज किती वाजता कळलं तुम्हाला की टोपली आली नाही?"

"बाराला."

"आणि वर आलात किती वाजता?"

बाईने पातेल्याकडे पाहिलं. "तीन वाजत आले."

"म्हणजे बाबा आज पडले असते, तर तीन तास फरशीवर असते. आणि तुम्ही खाली त्यांच्यासाठी रस्सा करत होता."

खाली कोणाच्या तरी ताटातून तेल ठिबकत होतं. पोरीचं खोटं काहीच नव्हतं. सगळी गल्ली रडली होती, सगळ्या गल्लीने चूल पेटवली होती, फक्त वर जाऊन पाहायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

रोझोलीनाने ॲप्रनला हात पुसले आणि एक हात पुढे केला. "किल्ली दे."

"मावशी, तीन जिने आहेत."

"तीनच आहेत. यापुढे आधी चढेन, मग रडेन."

"दुसऱ्या मजल्यावरच आटोपेल बाईंचं," मास्तर म्हणाले. "मग जेवण मला पाठवावं लागेल, आणि मला तर अंडंही उकडता येत नाही."

एर्सिलियाने त्या पसरलेल्या, भाजलेल्या, वाफेने सोललेल्या हाताकडे पाहिलं. मग आत गेली आणि किल्ली घेऊन आली.

"मला अजून पटलेलं नाही," ती म्हणाली. "नाताळपर्यंत बघते. रोज बाराला मी फोन करणार, बाबांना नाही, तुम्हाला. एक दिवस जरी उत्तर चुकलं, तर येऊन घेऊन जाईन."

मग सगळ्यांनी मिळून मास्तरांचं मयताचं जेवण जेवून टाकलं, एवढं अन्न वाया कोण घालवणार? मास्तरांनी रश्श्याचा दुसरा वाडगा मागून घेतला आणि त्याविषयी अवाक्षर काढलं नाही. रविवारी एर्सिलिया एकटीच गेली.

सोमवारी चर्चच्या घंटेने बाराचे ठोके दिले, आणि टोपली आली नाही. बाईने वर पाहिलं. फळ्या उघड्या होत्या, गॅलरीत कोणी नव्हतं. रांगेत सहा गिऱ्हाइकं होती, फ्लॉवर उकळत होता. बाईने झारा पहिल्या गिऱ्हाइकाच्या हातात दिला आणि चालू लागली. पहिल्या मजल्यावर ती थांबली नाही. दुसऱ्यावर कठड्याला धरून थांबली, पण मोजून दोन श्वास. किल्ली लावून आत शिरली, तर मास्तर गॅलरीशेजारी खुर्चीवर बसून दोरीची गाठ सोडवत होते.

"बाई, बाराला दोनच मिनिटं झालीत," ते म्हणाले.

ती समोरच्या खुर्चीत धपकन बसली, छातीवर हात ठेवून. खिशातला फोन वाजायला लागला. तिने तो काढून मास्तरांच्या हातात दिला.

"तुम्हीच सांगा तिला," ती धापा टाकत म्हणाली. "आणि उद्यापासून टोपली पाच मिनिटं आधी सोडा. माझे गुडघे काही तुमच्याहून तरुण नाहीत."