धाबळीचे दोन तुकडे

पुलावरून माणसे जाऊ लागली त्या दिवशी वडील नदीत उतरले आणि पाण्यातून पलीकडे गेले.

ते वारले त्याला आज चौदावा दिवस. घरच्या पाठशाळेतले शिकवणे मी अजून सुरू केलेले नाही, म्हणून लिहायला बसलो आहे. सावकाश लिहितो आहे, कारण घाईचे अक्षर त्यांना आवडत नसे.

पुलावरचा त्यांचा पहिला रागही घाईचाच होता. उत्तरेतल्या लढाईनंतर सरकारला मुठेवर पूल लवकर हवा होता. दगडाला वेळ लागतो, म्हणून लाकडाचा केला. नारायण पेठेतले आम्ही सगळे पाहायला गेलो. वडिलांनी वाकून फळ्या पाहिल्या आणि तिथेच निर्णय दिला. लाकडातून स्पर्श पोचतो. एका पाटावर दोघे बसले तर एकामुळे दुसऱ्याचे सोवळे मोडते. हा पूल म्हणजे साऱ्या पुण्याने मिळून बसायचा एक पाट आहे.

आमच्या गल्लीच्या टोकाला आणखी एक शास्त्री राहत. ते आणि वडील एकाच गुरूंकडे शिकलेले, त्यामुळे त्यांचे कशावरच एकमत नव्हते. ते म्हणाले, "होडीही लाकडाचीच असते. होडीत स्पर्शाचा दोष नाही, हे आपण दोघेही शिकवतो. मग पाण्यावरचं हे लाकूड होडीच समजा."

"होडी हलते," वडील म्हणाले. "पूल हलत नाही."

घरी आल्यावर मी भीत भीत विचारले, "पलीकडे पोचल्यावर आंघोळ केली तर?"

"ज्याच्यावरून गेल्यावर आंघोळ लागते, तो रस्ता नव्हे," ते म्हणाले, आणि पुढे कित्येक वर्षे कमरेपर्यंत भिजून पलीकडे पोचत राहिले.

माझी धाकटी बहीण पलीकडे, एरंडवण्यात दिलेली. दुसऱ्या खेपेला ती सासरीच बाळंत झाली. श्रावण होता. दहा-बारा दिवसांनी तिकडची भाजीवाली निरोप घेऊन आली. "ताप उतरंना. बाबांना बघायचंय म्हणत्यात."

नदी दोन्ही काठ भरून चालली होती. वडील बराच वेळ ओसरीवर बसून राहिले. मग आत गेले, सोवळ्यात नेसायची लोकरीची जुनी धाबळी काढली आणि विळीवर तिचे दोन तुकडे केले.

"लोकरीतून स्पर्श पोचत नाही," म्हणाले. "चल."

पुलावर रीत अशी ठरली: ते एका तुकड्यावर उभे राहायचे, मी दुसरा पुढे अंथरायचा, ते त्यावर गेले की मागचा उचलून पुन्हा पुढे. पंधरा-वीस पावलांतच मागे गाड्या खोळंबल्या.

"बुवा, चालताय का सारवताय?" एका गाडीवानाने विचारले.

"होऊ द्या सावकाश," पाटी घेतलेली एक बाई म्हणाली. "माझी मेथी आता वैरण म्हणून विकीन."

वडिलांनी मागे वळून पाहिले नाही. पूल निम्मा झाला असेल, तेव्हा मी तुकडा अंथरायला झटकला आणि वाऱ्याने तो हातातून नेला. आम्ही दोघांनी त्याला पाण्यात पडताना पाहिले. राहिलेल्या तुकड्यावर वडील पाटावरच्या नवऱ्या मुलासारखे उभे होते. पुढे जाता येईना, मागे जाता येईना.

ते पलीकडच्या काठाकडे पाहत होते.

तेवढ्यात समोरून गुळाच्या ढेपांनी भरलेली गाडी आली. फळ्या थरथरल्या.

वडिलांनी पायांकडे पाहिले. "हलला?"

"तो रोजच हलतो, बाबा."

"रोजचं विचारलं नाही. आत्ता हलला का?"

"हलला."

"मग होडी," ते म्हणाले आणि लाकडावर उतरले. तिथून ते इतके भराभर चालले की धाबळी काखेत मारून मला मागे धावावे लागले.

बहिणीने डोळे उघडले. "बाबा, नदीला एवढा पूर. आलात कसे?"

"होडीनं."

तिने माझ्याकडे पाहिले. मी आढ्याकडे पाहिले. ती हसली, आणि बाळंत झाल्यापासून पहिल्यांदाच हसली, असे तिची सासू म्हणाली. ताप मात्र आणखी तीन दिवसांनी उतरला. तोवर वडील तिच्या उशाशी बसून होते.

परतल्यावर गल्लीच्या टोकाचे शास्त्री दारात उभेच होते. "होडी मिळाली म्हणे."

"मिळाली," वडील म्हणाले. "तुमच्या सांगण्यावरून नव्हे. आम्ही हलवून पाहिली."

वडील वारले त्या दिवशी स्मशानातून परतताना तेच शास्त्री माझ्या शेजारून चालत होते. दारात म्हणाले, "आता मला खोडून काढायला कोणी राहिलं नाही."

बहीण काल तेरावा आटोपून पुलावरूनच घरी गेली. पूल आहे. त्याच्या काही फळ्या बदलल्या आहेत. धाबळीचा एक तुकडा माझ्याकडे आहे.