चार पुड्या माती घेऊन म्हैसूरला

दोन गाड्या बदलून म्हैसूरला उतरले तेव्हा पिशवीत चार पुड्या माती होती आणि हातात घरच्या विहिरीच्या पाण्याचा कॅन. परगावचं पाणी मला बाधतं. माती माझ्या खाडीकाठच्या मळ्याची. तिथे आता मिरचीचं रोपही जगत नाही, वर पांढरा थर येतो. मुलगा म्हणतो, कोळंबीच्या तळ्यांना देऊन टाकू. मी म्हटलं, आधी तपासून येते, मग सही करते.

धाकटी बहीण शालू मंडी मोहल्ल्यात राहते. तिच्या सासरचे पूर्वी कापड रंगवायचे, आता स्कूटर दुरुस्त करतात. घरात मराठी बोलतात, पण निम्मी कन्नडच. तिनं उप्पिट्टु (उपमा) वाढलं. मी मीठ मागितलं. दुपारी सारातही मागितलं.

“अक्का, लोणचं घालतेस काय गं? साकु (पुरे)!”

“तुमच्या गावाला चवच नाही,” मी म्हटलं.

शालूची मुलगी विद्या माती तपासण्याच्या कामावर आहे. दुसऱ्या दिवशी ती मला बसनं नजरबादला, तिच्या प्रयोगशाळेत घेऊन गेली. वाटेत राजवाडा दिसला. मोठा आहे.

पुड्यांवर मी जागा लिहिल्या होत्या. विद्या एकेक माती पाण्यात ढवळून त्यात खारेपणा मोजायच्या यंत्राची दांडी बुडवत होती. मी आधीच सांगून ठेवलं, “बांधाकडची सगळ्यात खारी निघेल. शेजारचा रघुनाथ बांधाची भोकं बुजवत नाही, भरतीचं पाणी आत येतं.” ह्यावरून चार वर्षं मी त्याच्याशी बोलत नव्हते. त्याच्या मुलीच्या लग्नालाही गेले नाही.

बांधाकडची सगळ्यात कमी खारी निघाली. विहिरीकडची सगळ्यात जास्त.

“पुड्या बदलल्या असतील.”

विद्यानं मी बरोबर आणलेल्या कॅनमधलं पाणी पेल्यात ओतलं, दांडी बुडवली, यंत्र बंद करून पुन्हा लावलं. मग एक थेंब जिभेला लावला.

“अय्यो! मावशी, हे तुम्ही पिता?”

“रोज.”

“आणि मळ्याला?”

“हेच. संध्याकाळी, बादलीनं.”

मी स्टुलावर बसले. विहीर कधी खारी झाली ते मला कळलंच नव्हतं.

“जमीन मेली नाही,” विद्या म्हणाली. “विहिरीचं पाणी बंद करा. पावसाचं पाणी मळ्यात अडवा, मीठ विरघळलं की चर काढून खाडीत सोडा. ताग पेरून खत म्हणून हिरवाच मातीत गाडा. दोन-तीन पावसाळे लागतील.”

“म्हणजे तळ्यांना द्यायला नको?”

“कशाला देता?”

कॅन तिथेच ओतला. आठ दिवस शालूकडचं पाणी प्याले.

घरी आल्यावर विहिरीतून तांब्याभर पाणी काढलं, घोट घेतला आणि थुंकले. इतकी वर्षं हे गिळत होते. विहीर असताना नळ कशाला, म्हणून नळही घेतला नव्हता.

तशीच रघुनाथच्या दारात गेले. त्याची बायको उंबऱ्यातच उभी राहिली. “आज वाट चुकलात वाटतं?”

“आधी नळाचं पाणी दे प्यायला,” मी म्हटलं. “आणि रघुनाथला बोलाव. चूक माझी होती, ते त्याच्या तोंडावर सांगायचंय.”